हेजहॉग कॅक्टस फुलवायचा, तर हिवाळ्यात पाणी बंद

फेब्रुवारी संपता संपता हेजहॉग कॅक्टसच्या खोडावर, काट्यांच्या झुपक्याच्या किंचित वर, साल फुगून टेंगूळ येतं. काही दिवसांत ती साल फाटते आणि आतून केसाळ, तांबूस टोक डोकावतं. नवखे इथेच घाबरतात आणि रोग समजून बुरशीनाशक मारतात. ती कळी असते. बहुतेक कॅक्टसांची कळी काट्यांच्या गादीतून निघते, याची मात्र साल फाडून बाहेर येते, आणि फूल गेल्यावरही तिथे व्रण कायमचा राहतो. तीन-चार आठवड्यांत त्या टोकाचं सात ते दहा सेंटिमीटर रुंद फूल होतं. कित्येकदा फूल झाडापेक्षा रुंद असतं आणि दुपारच्या उन्हात त्याच्या पाकळ्या रेशमासारख्या चमकतात.

हे फूल बघून लोक रोप घेतात, आणि पुढची चार वर्षं ते रोप हिरवंगार राहूनही एक कळी देत नाही. कारण जवळपास नेहमी एकच असतं: डिसेंबर-जानेवारीतही आठवड्याला पाणी चालू होतं. याची कळी थंडीतल्या कोरड्या उपासावर अवलंबून असते. बाकी सगळी काळजी म्हणजे त्या उपासाला झाड जिवंत आणि धडधाकट पोचवण्याची तयारी.

झाड मूळचं कुठलं

वनस्पतिशास्त्रात याच्या प्रजातीचं नाव एकिनोसेरियस. सेंट लुईसमधले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमन यांनी ते १८४८ मध्ये दिलं. ग्रीक ‘एकिनोस’ म्हणजे हेजहॉग, घाबरला की अंगाचा काटेरी चेंडू करणारा छोटा प्राणी. (साळिंदर वेगळं, ते बरंच मोठं.) साठेक जाती अमेरिकेतल्या साउथ डकोटापासून मेक्सिकोतल्या वाहाकापर्यंत पसरल्या आहेत. आपल्याकडे बांधावर लावतात तो त्रिधारी निवडुंग यांचा नातेवाईकही नाही. त्याला चीक येतो आणि काट्याखाली लोकरी गादी नसते. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आहे आणि तोही मूळचा अमेरिकेचाच.

मूळ गावचं हवामान समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. ॲरिझोनातल्या टुसॉनला वर्षाचा पाऊस साधारण ३०० मिमी, आणि त्यातला जवळपास निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो. म्हणजे पावसाळा या झाडांना अनोळखी नाही. पण तिथे तासभर सर येते, पाणी खडकाच्या फटीतून निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडतं. पुण्यात वर्षाला सातशे मिमीच्या आसपास पाऊस होतो, कोकणात त्याच्या चौपट आणि अधिक, आणि आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. झाड कुजतं ते या सलग ओलाव्याने.

रंगाबद्दल, आणि फसवणुकीबद्दल

गुलाब-जास्वंदाचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती कॅक्टसात नसतात. कॅक्टसाचे रंग बीटालेन गटातले, म्हणजे बीट कापल्यावर हाताला लागतो किंवा लाल माठाची भाजी शिजताना पाण्यात उतरतो तो रंग. त्याचा एक प्रकार जांभळट गुलाबी, दुसरा पिवळा, आणि दोन्हींच्या मिश्रणातून केशरी आणि शेंदरी छटा येतात. त्यात फुलाच्या मधोमध कुक्षीचा, म्हणजे पराग धरणाऱ्या भागाचा, हिरवागार तुरा असतो. मॅजेंटा पाकळ्या, पांढरा किंवा पिवळा गळा, त्यात पिवळे परागकोष आणि वर हा हिरवा तुरा, अशी रंगसंगती दुसऱ्या फारशा कुठल्या झाडात मिळत नाही.

या द्रव्यांतून निळा रंग होत नाही. त्यामुळे निळ्या फुलाचा किंवा निळ्या काट्यांचा कॅक्टस कोणी विकत असेल, तर तो रंगवलेला आहे. रंगाचा थर उजेड अडवतो आणि झाड हळूहळू मरतं. दुसरी फसवणूक म्हणजे शेंड्याच्या मधोमध गोंदाने चिकटवलेलं वाळकं कागदी फूल. ते महिनोन्‌महिने तसंच राहतं आणि बोटाला कुरकुरीत लागतं. ओढून काढलं तर शेंडा जखमी होतो. घेऊच नका.

पहिलं रोप कोणतं

पेंटालोफस ही जात म्हणजे नवख्याचा मित्र. टेक्सासचं दक्षिण टोक आणि पूर्व मेक्सिको हे त्याचं घर. बोटाएवढी मऊ खोडं आडवी पसरतात, काटे आखूड, आणि पांढऱ्या किंवा पिवळ्या गळ्याची झगझगीत गुलाबी फुलं सुमारे दहा सेंटिमीटर रुंद. दमट हवा त्याला इतरांपेक्षा बरी सोसते.

रिजिडिसिमस, त्यातही त्याचा रुबिस्पायनस हा प्रकार, सगळ्यांना हवा असतो. एकच दंडगोल, अंगाला चिकटलेले कंगव्यासारखे काटे, आणि दर वर्षीच्या वाढीचा गुलाबी-लाल पट्टा. इंद्रधनुषी कॅक्टस तो हाच. बिनफुलाचाही देखणा. पण याला फांद्या सहसा फुटत नाहीत, त्यामुळे बुंधा कुजला तर नवं रोप काढायला काही उरत नाही. दुसऱ्या वर्षी घ्या.

शीरी उभट, नळीसारखी गुलाबी ते लाल फुलं देतो आणि पिल्लं, म्हणजे बाजूला फुटणारी नवी खोडं, भरपूर काढतो. रायशेनबाखी हा जाळीदार काट्यांचा. थंडी पचवतो, पण पावसाळ्यात नाजूक. पिवळं फूल हवं असेल तर डॅसिअकँथस किंवा जवळजवळ बिनकाट्याचा सबइनर्मिस.

ट्रायग्लोकिडिएटस, म्हणजे २०१४ पासूनचा कोलोरॅडोचा राज्य-कॅक्टस, सुरुवातीला घेऊ नका. त्याची लालभडक, मेणचट फुलं हमिंगबर्डसाठी असतात, रात्रीही मिटत नाहीत आणि कित्येक दिवस टिकतात. पण तो बर्फाळ डोंगरांतला आहे, आपल्या हिवाळ्याने त्याचं भागत नाही. एंगेलमनी या जातीचंही तसंच. त्याच्या मोहावी वाळवंटात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, आपलं सगळं उलटं. कोलोरॅडो, युटा किंवा ॲरिझोनात राहणाऱ्या मराठी मंडळींनी यांपैकी जो आसपास उगवतो तो एप्रिल-मेमध्ये डोंगरउतारावर जाऊन बघावा. उपटून मात्र आणू नये. ॲरिझोनात देशी कॅक्टस परवान्याशिवाय उपटणं हा गुन्हा आहे, आणि जवळपास सगळं कॅक्टस कुळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं.

रोप घेताना आणि आल्यावर

बुंधा अंगठ्याने दाबा. तपकिरी पण लाकडासारखा टणक असेल तर ते वयाचं लक्षण, काळजी नको. मऊ लागला तर परत ठेवा. शेंडा निमुळता आणि फिकट असेल तर झाड अंधारात वाढलंय. तो भाग पुन्हा कधीच जाड होत नाही. खाली ड्रॅगनफ्रूटचा तिकोनी हिरवा दांडा दिसला तर कलम आहे. कलम लवकर वाढतं आणि ओलावाही थोडा अधिक सोसतं, पण तो दांडा काही वर्षांत थकतो, आणि कडाक्याची थंडी त्याला मानवत नाही.

पश्चिम बंगालमधल्या कालिंपाँगच्या रोपवाटिकांतून रोपं उघड्या मुळांनी, कागदात गुंडाळून येतात. स्थानिक रोपवाटिकेतलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतं. दोन्हींना पुढची पद्धत एकच.

१. जुनं माध्यम पूर्ण काढा, अगदी मुळांच्या मधला गोळाही. कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की पाणी घेत नाही, आणि घेतलं की सोडत नाही.

२. मुळांवर पांढरी, पिठासारखी पूड दिसली तर मुळावरचा पिठ्या ढेकूण समजा. मुळं धुवा, काळी आणि पोकळ मुळं कापा.

३. सावलीत, वारा लागेल अशा जागी चार-पाच दिवस उघडंच ठेवा. कापलेल्या जागा सुकल्या पाहिजेत.

४. कोरड्या मिश्रणात लावा. धरायला वर्तमानपत्राची जाड घडी वापरा. काट्यांना चिमटा लावला तर काटे मोडतात.

५. सात ते दहा दिवस पाणी नाही. मग पहिलं पाणी.

पाचवी पायरीच सर्वात जास्त मोडली जाते. तुटलेल्या मुळाला ओली माती लागली की बुरशी आत शिरते आणि झाड महिन्याभराने आतून सडलेलं सापडतं.

मिश्रण आणि कुंडी

वाटीच्या मापाने: ४ वाट्या प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा विटांचे ३ ते ६ मिमीचे तुकडे, ३ वाट्या जाड धुतलेली वाळू (२ ते ४ मिमी), १ वाटी लोणारी कोळशाचे बारीक तुकडे, २ वाट्या चाळलेलं गांडूळखत किंवा कुजलेल्या पानांचं खत. इतक्यात दहा सेंटिमीटरच्या दोन-तीन कुंड्या भरतात. कोकणात खत एकाच वाटीवर आणा आणि प्युमिस वाढवा.

विटा आधी रात्रभर पाण्यात भिजवून बघा. कच्च्या भाजलेल्या विटेचा सकाळी चिखल झालेला असतो, तशी वीट नको. तुकडे करून भुकटी चाळणीने काढून टाका, कारण हीच भुकटी पुढे तळाशी बसून भोक बुजवते. समुद्राची वाळू खारट, तीही नको. आणि काळी माती चिमूटभरसुद्धा नको.

तपासणी सोपी आहे. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. लाडू वळला तर खडी वाढवा, मूठ उघडताच विस्कटलं तर जमलं.

कुंडी झाडापेक्षा सगळीकडून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच मोठी हवी, खोली दहा सेंटिमीटर पुरे. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथलं मिश्रण ओलं राहतं. विदर्भ-मराठवाड्यात प्लास्टिकची कुंडी चालते, पण उन्हात ती तापते, म्हणून दुसऱ्या मोठ्या कुंडीत बसवा. कोकण-गोव्यात मातीची बरी. वर एक सेंटिमीटर खडीचा थर द्या, म्हणजे झाडाची मान कोरडी राहते.

ऊन

रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. खिडकीच्या आतला उजेड पुरत नाही, तिथे झाड जगतं पण फुलत नाही. सावलीतलं रोप एकदम गच्चीवर ठेवलं तर दक्षिण-पश्चिम अंगाला पांढुरके डाग पडून पुढे खपली धरते, आणि ती जात नाही. म्हणून पहिला आठवडा सकाळचे दोन तास, दुसरा आठवडा चार, मग पूर्ण. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार गेला की ३० ते ५० टक्क्यांची हिरवी जाळी दुपारपुरती लावा. मार्चआधी लावाल तर कळ्यांचा उजेड जाईल.

वर्षभराचं पाणी

देशावरचं वेळापत्रक धरून सांगतो, कारण फुलांसाठी देशच सोयीचा आहे.

महाशिवरात्रीच्या सुमाराला पहिलं पाणी. थंडीत आक्रसलेल्या झाडाला एकदम भरपूर देऊ नका. आधी दहा सेंटिमीटरच्या कुंडीला अर्धा कप, आठ दिवसांनी तळाच्या भोकातून निघेपर्यंत. कळ्या दिसल्या असतील तर त्या डाळीच्या दाण्याएवढ्या होईपर्यंत थांबा. लवकर पाणी दिलं तर कळीचं कधीकधी पिल्लू होतं. मग मार्च ते मे, मिश्रण तळापर्यंत वाळलं की पाणी, साधारण सहा ते आठ दिवसांनी. वाळलं की नाही ते भोकातून लाकडी काडी घालून कळतं. किंवा कुंडी उचलून बघा, चार-पाच वेळा उचललं की हाताला वजन समजू लागतं. पाणी संध्याकाळी, मिश्रणावर, झाडाच्या डोक्यावर नाही.

मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, झाडं पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याखाली हलवा. बाजू उघड्या ठेवा, कारण पाऊस अडवणं जितकं गरजेचं तितकंच वारं खेळणं. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांतून एकदा, तेही दोन-तीन दिवस लख्ख उघडीप असेल तेव्हाच, थोडं पाणी. सलग झड लागली तर महिनाभर काही नको.

दसऱ्याला झाडं पुन्हा उघड्यावर, आणि दर आठ-दहा दिवसांनी पाणी. हे दुसरं वाढीचं पर्व. तुळशीचं लग्न झालं की एक शेवटचं पाणी द्या आणि थांबा.

पुढे महाशिवरात्रीपर्यंत काही नाही. झाड सुरकुतेल, बारीक होईल, रंग मळका दिसेल, काही जातींच्या खोडावरच्या उभ्या धारा आत ओढल्या जातील. हे व्हायलाच हवं. पेशींतलं पाणी कमी होतं तसं झाड थंडी सोसतं. रात्री ५ ते १२ अंश आणि दिवसा भरपूर ऊन हे उत्तम. नाशिक, निफाड, पुणे, जळगावकडे हे आपोआप मिळतं. झाड भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रात्री भिंत उष्णता सोडते आणि दोन-चार अंश तिथेच जातात. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर मात्र लगेच पत्र्याखाली घ्या. थंडीत भिजलेलं झाड सर्वात लवकर कुजतं.

मुंबई, रत्नागिरी, पणजीत रात्री इतक्या उतरत नाहीत. तिथे निव्वळ कोरडेपणावर भागवावं लागतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी पूर्ण बंद, आणि पेंटालोफससारखीच जात. तरी फुलं कमीच येतील. किनाऱ्यावर राहून नक्की फूल हवं असेल, तर एकिनोप्सिस सबडेन्युडाटा घ्या. गोल, जवळजवळ बिनकाट्याचा, उष्ण हवेत रात्री लांब दांड्याचं पांढरं फूल देतो.

पाण्याच्या प्रतीबद्दल: बोअरच्या जड पाण्याने खडीवर आणि बुंध्यावर पांढरा क्षार चढतो, मुळं अन्न घेईनाशी होतात. पावसाचं पाणी भरून ठेवा आणि निदान दर चौथ्या-पाचव्या वेळी तेच द्या. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी झाडांना घालायची पद्धत आहे, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. कॅक्टसला ते नको.

खत थोडंच. कृषी केंद्रात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) लिटरला अर्धा ग्रॅम, मार्च आणि ऑक्टोबरात एकेकदा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पाण्यात ००:५२:३४ तितकंच. युरिया किंवा शेणखताचं पाणी दिलं तर अंग फुगतं, साल तडकते, काटे विरळ येतात.

कळी ते फूल

कळी दिसली की कुंडीच्या उजेडाकडच्या कडेला खडूने खूण करा आणि ती तशीच ठेवा. सारखी फिरवली तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. पूर्ण सुकून आलेल्या कुंडीतही कळ्या गळतात, म्हणून या तीन-चार आठवड्यांत पाण्याची पाळी चुकवू नका.

फुलं बहुधा दुपारी पूर्ण उघडतात आणि संध्याकाळी मिटतात. असं दोन-चार दिवस. कडक उन्हाच्या दिवसांत एकाच दिवसात संपतात. दुपारी बारा ते तीन फुलावर जाळी धरली तर एखादा दिवस वाढतो. फोटो अकराच्या सुमाराला घ्या, मॅजेंटा रंग भर उन्हात कॅमेऱ्यात फाटतो.

काय बिघडतं

लाल कोळी हा याचा पहिला शत्रू. मार्च ते मेच्या कोरड्या हवेत शेंड्याकडून साल गंजल्यासारखी तपकिरी होते. पांढरा कागद खाली धरून झाड टिचकीने हलवा. सरकणारे लाल ठिपके दिसले तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, आणि पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, सात दिवसांनी पुन्हा. पारा ३५ च्या वर असेल तर गंधक मारू नका, साल भाजते. कडुनिंबाच्या तेलानंतर दोन आठवडेही नाही. गंजलेली साल परत हिरवी होत नाही, नवी वाढ मात्र स्वच्छ येते.

पिठ्या ढेकणाला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने लावा. मुळांवर असेल तर रोप काढून, मुळं धुऊन नव्या मिश्रणात. फुलं उमललेली असताना कुठलंच कीटकनाशक नको, मधमाश्या मरतात.

बुंधा मऊ पडला तर वाट बघू नका. धारदार पातं स्पिरिटने पुसा आणि सडक्या भागाच्या वर आडवं कापा. कापलेल्या तोंडात मधल्या वर्तुळावर केशरी-तपकिरी ठिपके दिसले तर अजून वर कापा. दर वेळी पातं पुन्हा पुसायचं. पूर्ण स्वच्छ हिरवा-पांढरा गर आला की गंधकाची पूड लावून दोन आठवडे सावलीत ठेवा, मग कोरड्या प्युमिसवर उभं करा. मुळं यायला एक-दोन महिने लागतात. पावसाळ्यात कापलेलं क्वचितच वाचतं.

बी धरायचं असेल तर

बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. बियांपासून वाढवलेली एकाच जातीची दोन वेगळी रोपं एकाच वेळी फुललेली हवीत. एकाच झाडाची दोन पिल्लं चालत नाहीत, ती एकच झाड. मऊ ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या हिरव्या कुक्षीवर लावा, दुपारी, कुक्षीचे हात उघडून चिकट झालेले असताना. फळ दोन-तीन महिन्यांत पिकतं, पिकलं की काटे बोटाने सुटतात. काही जातींचा गर स्ट्रॉबेरीसारखा लागतो, म्हणून अमेरिकेत त्यांना तेच नाव आहे. बी धुऊन सावलीत वाळवा.

पेरणी ऑक्टोबरात. तेच मिश्रण बारीक चाळून, उकळत्या पाण्याने भिजवून गार करा, बी वर पसरा, झाकू नका. कुंडी झिपच्या पारदर्शक पिशवीत बंद करून उजेडात, पण थेट उन्हात नाही. २० ते २८ अंशांत एक ते तीन आठवड्यांत उगवतं. हिरवं शेवाळ दिसलं तर पिशवी लवकर उघडा, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी हळूहळू. या बाळरोपांना पहिल्या हिवाळ्यात उपास नाही, त्यांना हलका ओलावा चालू ठेवा.

पहिलं फूल तिसऱ्या ते पाचव्या वर्षी. बियांची दोन रोपं सारखी फुलत नाहीत, गळ्याचा पांढरा पट्टा कुणाचा रुंद, कुणाचा अरुंद. म्हणून प्रत्येक कुंडीत जातीचं नाव, दोन्ही पालक आणि पेरणीचा महिना लिहिलेली पट्टी खोचा, आणि ती शिसपेन्सिलीनेच लिहा. मार्कर पेनाची शाई दोन उन्हाळ्यांत उडते.